शिक्का मालावर, की वागणुकीवर?

शिक्क्यावर विश्वास ठेवण्याची सवय आपल्याकडे नवी नाही. सांगलीच्या बाजारात हळदीची पुडी घेणारे चोखंदळ गिऱ्हाईक त्यावर 'ॲगमार्क' आहे ना, हे पाहते. त्यामागचा कायदा १९३७ सालचा. इस्त्री घेताना आपण 'आयएसआय'चे चिन्ह शोधतो, सराफाकडे हॉलमार्क. परंतु हे सारे शिक्के मालाची ग्वाही देतात, माल करणाऱ्याच्या वागणुकीची नव्हे. हळद शुद्ध आहे, एवढेच ॲगमार्क सांगतो. ती शिजविणाऱ्या नि वाळविणाऱ्या बाईला काय रोज मिळाला, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच येत नाही. मग एखाद्या उद्योगाच्या वागणुकीवर शिक्का मारता येईल काय? सौरऊर्जेची यंत्रणा बसवून देणाऱ्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून ह्या प्रश्नाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

ह्याच कंपन्या का, तर मी कुपवाडचा. आमच्या औद्योगिक वसाहतीतील शेडांवर आता सोलर पॅनेल दिसू लागली आहेत आणि ती घरांवरही चढत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर' योजना आली. तीत तीन किलोवॅटच्या यंत्रणेस ७८,००० रुपये अनुदान ठरले. त्याच वर्षी राज्याने 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना आणली. तीत शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के भरावयाचे, अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के. साहजिकच बसवून देणारेही पुष्कळ पुढे आले.

मालाच्या बाजूने पाहिले तर व्यवस्था बरीच चोख आहे. पॅनेलसाठी भारतीय मानक ब्यूरोकडे सक्तीने नोंदणी करण्याचा आदेश २०१७ साली निघाला. अनुदानाच्या कामाला शासनमान्य यादीतीलच पॅनेल लागते आणि बसविणाऱ्याने पाच वर्षे देखभाल करावी, अशी अट आहे. आता माणसांच्या बाजूने पाहू.

माझा मावसभाऊ आयटीआय झालेला वायरमन. तो एका ठेकेदाराकडे पॅनेल बसविण्याच्या कामाला जातो. ठेकेदाराला काम देते कंपनी, म्हणजे कंपनीच्या हजेरीपुस्तकात ह्याचे नाव नाही. जुन्या शेडांचे छप्पर पुष्कळदा सिमेंटच्या पत्र्याचे असते. उन्हापावसाने तो पत्रा ठिसूळ होतो. त्यावर जायचे तर खाली आधार कोठे आहे ते पाहून फळ्या टाकायच्या, फळीवरूनच चालायचे. कमरेला पट्टा हवा आणि तो अडकविण्यासाठी वर पक्का बांधलेला दोर हवा. मी त्याला विचारले, "पट्टा देतात का रे?" तो म्हणाला, "देतात की. फोटो काढताना घालतोय." आणि दोर? "दोर कुठला आलाय!"

वीज स्वच्छ म्हणून धंदाही स्वच्छ, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. राजस्थान-गुजरातेत सौर व पवन प्रकल्पांची वीज वाहून नेणाऱ्या तारांवर आदळून माळढोक मरतो, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. चीनच्या शिनजियांग प्रांतात सक्तीच्या मजुरीचा आरोप झाला, तेव्हा अमेरिकेने २०२१ साली तेथील मालाविरुद्ध कायदा केला; पॅनेलसाठी लागणारे सिलिकॉनही त्याच्या कचाट्यात सापडले.

उद्योगाच्या एकूण वागणुकीला प्रमाणपत्र देण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. २००६ साली 'बी लॅब' नावाची, नफा न कमावणारी संस्था निघाली व ती कंपन्यांना 'बी कॉर्प' हे प्रमाणपत्र देऊ लागली. 'बी' हे 'बेनिफिट' ह्या शब्दाचे आद्याक्षर, म्हणजे हित. (आमच्याकडे प्रत्येक सोसायटीच्या अहवालावर 'ऑडिट वर्ग अ' असे अभिमानाने छापतात. येथे कोणी 'बी'ची पाटी लावली, तर दुसऱ्या वर्गात पास झाला असेच लोक म्हणतील!) पद्धत अशी होती: कारभार, कामगार, समाज, पर्यावरण आणि ग्राहक ह्या पाच विषयांवरील प्रश्नांना कंपनीने उत्तरे द्यायची, पुरावे दाखवायचे, आणि २०० पैकी निदान ८० गुण मिळवायचे. शिवाय भागधारकांइतकाच इतरांच्याही हिताचा विचार करू, असे कंपनीच्या घटनेतच नमूद करावे लागे.

सौर यंत्रणा बसविणाऱ्या कंपन्यांपैकी कोलोराडोतील 'नमस्ते सोलर' हिने हे प्रमाणपत्र मिळविले. नावावरून ती आपल्याकडची वाटते, पण आहे अमेरिकन. ती २००५ साली निघाली आणि २०११ साली तिचे रूपांतर कामगारांच्या मालकीच्या सहकारी संस्थेत झाले. छपरावर चढणारा माणूसच सभासद आणि त्यालाही एक मत. सहकाराच्या जिल्ह्यात वाढलेल्या आम्हाला ह्यात नवल वाटू नये. पण ऊस आणि दूध ह्यांपलीकडे ही कल्पना आम्ही छपरावर का नेली नाही, हे कोडेच आहे.

ह्या गुणपद्धतीत एक मोठी पळवाट होती. बेरीजच पाहायची म्हटल्यावर एका विषयातील कच्चेपणा दुसऱ्यात भरून निघतो. सौर कंपनीला तर पर्यावरणाचे गुण धंद्याच्या स्वरूपामुळेच मिळणार. मग कामगारांच्या बाबतीत हात आखडला तरी चालले! बी लॅबने एप्रिल २०२५ मध्ये नवे निकष जाहीर केले, त्यांत ही बेरीज काढून टाकली आणि सात विषयांपैकी प्रत्येकात किमान अटी घातल्या. माझ्या मते हा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे कायदा अगदीच मुका नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १६६ वे कलम संचालकांना कामगार, समाज व पर्यावरण ह्यांचे हित पाहण्यास सांगते. शेअर बाजारातील पहिल्या हजार कंपन्यांना आपल्या सामाजिक व पर्यावरणीय वर्तनाचा अहवालही द्यावा लागतो. पण कुपवाडातील चार माणसांची फर्म त्या हजारांत कोठून येणार? पुष्कळांची तर कंपनी म्हणून नोंदच नसते, मालक एकटाच असतो. त्यांच्यासाठी इंग्रजी प्रश्नावली आणि वार्षिक शुल्क ही परवडणारी गोष्ट नव्हे. आणि समजा, परवडली. तरी दूर बसून कागद तपासणाऱ्याला फोटोतला पट्टा दिसेल, नसलेला दोर दिसणार नाही. त्यासाठी कोणीतरी शिडी चढून वर गेले पाहिजे. जिल्ह्यातच असा तपासनीस नेमता येईल. मात्र त्याचा पगार तपासल्या जाणाऱ्याने देता कामा नये.

जुन्या पॅनेलचाही प्रश्न आहेच. त्यांचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षे धरतात. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी निकामी पॅनेल साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण गिऱ्हाईक ओळखते ते बसविणाऱ्याला. भंगारवाला ॲल्युमिनियमची चौकट आनंदाने नेईल. डाखातील शिसे काचेबरोबर कोठे जाईल, हे कोण पाहणार?

आमच्या घरावर यंदा तीन किलोवॅटची यंत्रणा बसवायचे घाटत आहे. वडिलांनी दोघांकडून दरपत्रके मागविली. पॅनेल, इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा, अर्थिंग, वीजरोधक, सर्व तपशील त्यांत आहे. दोराचा, पट्ट्याचा आणि माणसांच्या विम्याचा उल्लेख एकातही नाही. तेवढ्या ओळी घालून द्या, असे आम्ही दोघांनाही कळविले आहे. एकाचे उत्तर आले: दीड हजार रुपये जास्त पडतील.