खुर्ची मापाची हवी

मोरोक्कोच्या उत्तरेला तेतुआन नावाचे शहर आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे फिरायला आलेल्या एका अमेरिकन जोडप्यासमोर एक स्त्री रस्ता ओलांडत होती. तिच्या पायांत बळ नव्हते. मातीत हात रोवून ती अंग पुढे ओढत होती आणि येणारे-जाणारे तिला चुकवून आपापल्या वाटेने निघून जात होते. जोडप्यातला नवरा, डॉन शॉनडॉर्फर, एमआयटीत शिकलेला यंत्र अभियंता होता. पुढची वीसेक वर्षे त्याने नोकरी केली, पण ती बाई त्याच्या मनातून गेली नाही. शेवटी कॅलिफोर्नियातल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये तो एका प्रश्नाच्या मागे लागला: जगातली सर्वांत स्वस्त चाकाची खुर्ची कशी करता येईल?

बसायच्या भागाचे उत्तर त्याला बागेत ठेवतात त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत सापडले. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात रचलेल्या असतात, तीच. कारखान्यातून ती लाखोंनी निघते, त्यामुळे त्याहून स्वस्त बैठक नव्याने घडवणे कुणालाही शक्य नाही. पावसाने ती कुजत नाही आणि पाणी ओतले की स्वच्छ होते. मागच्या चाकांसाठी त्याने माउंटन बाइकची चाके घेतली, कारण सायकल जगात सगळीकडे पोहोचली आहे आणि तिच्यामागोमाग पंक्चर काढणाराही. दोन्ही जोडायला पोलादी सांगाडा आणि पुढे दोन छोटी फिरती चाके. सुरुवातीला या खुर्चीचा खर्च ५० डॉलरच्या आत बसत होता. २००१ साली अशा चार खुर्च्या घेऊन तो भारतात, चेन्नईला आला. त्याच वर्षी ‘फ्री व्हीलचेअर मिशन’ ही संस्था उभी राहिली. देणगीदाराने एका खुर्चीचे पैसे द्यायचे, सुटे भाग कंटेनरमधून त्या देशात जायचे आणि तिथल्या संस्थेने ते जोडून गरजूला द्यायचे, अशी तिची रीत. या मार्गाने आजवर दहा लाखांहून अधिक खुर्च्या नव्वदहून अधिक देशांत पोहोचल्या आहेत.

आकडा मोठा आहे आणि तो तसा मानलाच पाहिजे. पण गरज त्याहून कितीतरी मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या सुमारे ८ कोटी लोकांना चाकाच्या खुर्चीची गरज आहे आणि ज्यांना ती मिळते त्यांचे प्रमाण देशानुसार ५ ते ३५ टक्क्यांच्या घरात आहे. उरलेल्यांचे आयुष्य खाटेवर, ओसरीवर किंवा कुणाच्या तरी पाठीवर जाते. घरात चालता न येणारे मूल असेल तर त्याला उचलण्यासाठी आई घरी राहते. मूल वाढत जाते, तिची कंबर मात्र तीच असते. एक दिवस ते तिला उचलवत नाही आणि त्या दिवसापासून त्याचे बाहेर जाणे थांबते. अशा घरात खुर्ची येते तेव्हा मुलाला शाळा मिळते आणि आईला रोजगार.

मग प्रश्न फक्त पैशांचा उरतो, असे कुणालाही वाटेल. माझे म्हणणे तसे नाही. खुर्ची देणे सोपे आहे, बसणाऱ्याला सोसेल अशी खुर्ची देणे अवघड आहे आणि दानाचे खरे मोल त्या अवघड भागात आहे.

हे समजायला मानवी शरीराचे एक नवल लक्षात घ्यावे लागते. धडधाकट माणूस खुर्चीत बसतो तेव्हा तो कधीच निश्चल बसलेला नसतो. बैठकीच्या दोन हाडांखाली त्वचा आणि मांस दाबले जाते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, पेशींना प्राणवायू कमी पडू लागतो आणि त्वचा ती तक्रार मेंदूकडे पाठवते. आपण नकळत किंचित एका बाजूला कलतो. चित्रपट पाहताना, जेवताना, गप्पा मारताना हे अखंड चालू असते. मज्जारज्जू दुखावलेल्या माणसात ही तक्रार वर पोहोचतच नाही. दुखत नाही म्हणून तो हलत नाही आणि काही तासांत आतले मांस मरू लागते. वरून दिसतो तो फक्त लालसर डाग. तो फुटला की जखम हाडापर्यंत जाऊ शकते, तिच्यातून जंतू रक्तात शिरतात आणि माणूस दगावतो. पहिल्या महायुद्धात पाठीचा कणा मोडलेले बहुतेक सैनिक अशा जखमांनी किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने थोड्याच काळात मरण पावत. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मॅंडेव्हिल रुग्णालयात लुडविग गटमान या डॉक्टरने दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा नियम रात्रीसुद्धा काटेकोरपणे पाळायला लावला आणि माणसे जगू लागली. पॅरालिम्पिकचे मूळ याच रुग्णालयाच्या आवारात आहे. आधी जखमा टळल्या, नंतर पदके आली.

आता या ज्ञानाच्या उजेडात रुग्णालयाच्या दारात असते ती घडीची खुर्ची पाहा. कापडी बैठक, एकच माप, खाली गादी नाही. ती रुग्णाला वॉर्डातून एक्स-रेपर्यंत नेण्यासाठी आहे, नेणारा मागे उभा असतो आणि काम दहा मिनिटांत संपते. त्याच खुर्चीत एखाद्याने रोज दहा तास बसायचे ठरले की बैठक मध्ये खचते, कंबर एका बाजूला झुकते आणि कणा वाकतो. गादी नसेल तर जखम ठरलेली. कलकत्ता विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दानात मिळालेल्या खुर्च्यांचे पुढे काय होते हे भारतात तपासले आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक खुर्च्या वापराविना पडून होत्या. दुखते, दमायला होते, अवघडायला होते आणि घरात ती फिरत नाही, ही त्यामागची कारणे होती. दिलेली वस्तू माणसाला पटली नाही तर दोष त्याच्या कृतघ्नतेत शोधू नये.

या विषयात मला सर्वांत मोठा वाटणारा माणूस राल्फ हॉचकिस. १९६६ साली महाविद्यालयात असताना मोटरसायकलच्या अपघातात त्याचे दोन्ही पाय लुळे पडले. मिळालेली नवी खुर्ची घेऊन तो बाहेर पडला तर फुटपाथच्या एका भेगेने तिचा निकाल लावला. तेव्हापासून तो खुर्च्या मोडतो आणि नव्याने बांधतो आहे. १९८० साली तो निकाराग्वाला गेला. मानाग्वा शहरात चार तरुण एकाच खुर्चीवर आळीपाळीने दिवस काढत होते. ती मोडली की स्वतः दुरुस्त करायचे, आणि दुरुस्त करताना सुधारायचे. हॉचकिसने त्यांना शिकवण्याआधी त्यांच्याकडून शिकून घेतले. पुढे सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात ‘व्हर्लविंड’ हा उपक्रम सुरू झाला. त्याने कोणत्याही आराखड्याचे पेटंट घेतले नाही. ज्याला वेल्डिंग येते आणि बाजारात पोलादी नळी मिळते, त्याने खुशाल बनवावी.

व्हर्लविंडच्या खुर्चीतल्या दोन गोष्टी पाहिल्या की अभियंत्याची नजर कळते. साध्या खुर्चीची पुढची चाके अरुंद आणि कडक असतात. वाळूत ती रुततात, खड्यावर अडतात आणि बसणारा तोंडावर पडतो. व्हर्लविंडच्या मंडळींनी झिम्बाब्वेत रुंद, लवचीक रबराचे पुढचे चाक विकसित केले. ते हवेने भरलेले नसल्याने पंक्चर होत नाही, रुंद असल्याने रुतत नाही. जगभर ते ‘झिम्बाब्वे चाक’ म्हणूनच ओळखले जाते. दुसरी गोष्ट, ही चाके बरीच पुढे नेली. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर वाढले की खुर्ची पुढे उलटत नाही. हे त्यांना सुचले याचे कारण बनवणारे स्वतः त्याच खुर्च्यांवर, त्याच रस्त्यांवर फिरत होते.

इंग्लंडमधल्या ‘मोटिव्हेशन’ या संस्थेची गोष्टही याच्या जवळची. डेव्हिड कॉन्स्टंटाइन हा तरुण पाण्यात सूर मारताना मान दुखावून खुर्चीवर आला. पुढे डिझाइनचे शिक्षण घेताना त्याने एका मित्रासह विकसनशील देशांसाठी खुर्ची आखली. १९९१ साली दोघे आणखी एका साथीदाराला घेऊन बांगलादेशात ढाक्याजवळच्या पक्षाघात पुनर्वसन केंद्रात दाखल झाले. तिथे त्यांनी कार्यशाळा उभारून दिली.

चढावर मात्र हातांनी चाक ढकलण्याची पद्धतच तोकडी पडते. एमआयटीतल्या एमॉस विंटर या अभियंत्याने टांझानियात हे पाहिले. खेड्यातल्या माणसाला तीन-चार किलोमीटर खडबडीत रस्त्यावर जायचे असते आणि घरी परतल्यावर उंबरठ्याच्या आतही फिरायचे असते. हाताने पेडल मारायची तीनचाकी लांब पल्ल्याला चांगली, पण घरात शिरत नाही. साधी खुर्ची घरात चालते, पण रस्त्यावर हरते. विंटरने दोन्ही बाजूंना दोन उभे दांडे बसवले. दांडा पुढे ढकलला की सायकलच्या साखळीतून चाक फिरते. गिअर बदलायची यंत्रणा यात नाहीच, ते काम हात करतात. दांड्याला वरच्या टोकाशी धरले की जोर वाढतो आणि चढ चढता येतो, खाली धरले की वेग वाढतो. घरात शिरताना दांडे काढून ठेवले की उरते ती नेहमीची खुर्ची. हलणारा प्रत्येक भाग सायकलचा, म्हणजे गावातला सायकलवाला तो दुरुस्त करू शकतो. पहिला नमुना पूर्व आफ्रिकेत वापरायला दिला तेव्हा लोकांनी स्पष्ट सांगितले, जड आहे आणि रुंद आहे. मग ग्वाटेमालात सुधारलेली आवृत्ती गेली आणि त्यानंतर भारतात, ‘जयपूर फूट’साठी प्रसिद्ध असलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीबरोबर चाचण्या झाल्या.

अशा अनुभवांची गोळाबेरीज २००६ साली बेंगळुरूमध्ये झाली. जगभरातले खुर्ची बनवणारे, वापरणारे आणि वाटणारे तिथे एकत्र आले. त्या चर्चेतून २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि त्यांत खुर्ची देणे ही आठ पायऱ्यांची सेवा मानली गेली. नोंद आणि तपासणीपासून सुरुवात होते आणि शेवट दुरुस्ती व पाठपुराव्याने होतो. मधल्या पायऱ्यांत निवड, पैशांची सोय, जुळणी, माणसाला बसवून पाहणे आणि खुर्ची वापरायला शिकवणे येते. मोजपट्टी हे यातले सर्वांत स्वस्त हत्यार आहे. कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची एवढे घेतले तरी खूप साधते. बैठकीची कड आणि गुडघ्यामागचा भाग यांत दोन बोटे जागा हवी. पाय ठेवायची पट्टी फार खाली असली तर माणूस पुढे घसरतो, फार वर असली तर सगळे वजन बैठकीच्या हाडांवर येते. शॉनडॉर्फरच्या संस्थेनेही नंतरच्या खुर्च्यांत वेगवेगळी मापे आणि गादी आणली. मी याला कमीपणा मानत नाही, हीच त्या कामाची प्रगती आहे. आयआयटी मद्रासमध्ये घडलेली ‘निओफ्लाय’ खुर्ची तर वापरणाऱ्याच्या मापांनुसारच बनवून दिली जाते.

महाराष्ट्रालाही हे काम परके नाही. खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४पासून कणा दुखावलेल्या सैनिकांना सांभाळते आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात खुर्चीवर आल्या, १९८४ साली त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ उभी केली आणि आत्मकथनाला नाव दिले ‘चाकाची खुर्ची’. केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना १९८१पासून आहे आणि तिच्यासाठी साहित्य पुरवणारी कानपूरची अलिम्को तपासणी शिबिर आधी आणि वाटप शिबिर नंतर घेते. क्रम बरोबर आहे. पण खासगी संस्थांकडून पुष्कळदा वाटपाचे शिबिर तेवढे होते: फलक, पाहुणे, एका रांगेत एकसारख्या खुर्च्या. त्यातल्या एकीत आठ वर्षांची मुलगी बसते, तिचे पाय पट्टीपर्यंत पोहोचत नाहीत आणि फोटो निघतो.

म्हणून खुर्चीसाठी पैसे देणाऱ्याने संस्थेला थेट विचारावे. माप कोण घेते? गादी सोबत आहे का? ट्यूब आणि बेअरिंग तालुक्याच्या बाजारात मिळतात का? सहा महिन्यांनी कोण भेटायला जाते? चांगल्या संस्था या प्रश्नांनी रागावत नाहीत. दहा खुर्च्यांऐवजी सात द्या आणि उरलेल्या पैशांत गाद्या व दुरुस्ती करा, असे एखाद्या संस्थेने सांगितले तर तिच्यावर अधिक विश्वास ठेवावा.

पैसे नसले तरी करता येण्यासारखे आहे. शहरांतल्या पुष्कळ घरांत आजी-आजोबांसाठी घेतलेली खुर्ची माळ्यावर पडून असते. अमेरिकेत ‘व्हील्स फॉर द वर्ल्ड’ हा उपक्रम अशा जुन्या खुर्च्या गोळा करतो, तुरुंगातले कैदी त्या दुरुस्त करतात आणि परदेशी पाठवल्यावर तिथे थेरपिस्ट त्या एकेका माणसाच्या शरीराशी जुळवून देतात. आपली खुर्ची देतानाही आधी बैठकीची रुंदी मोजावी, टायर आणि ब्रेक तपासावेत, फाटलेले कापड बदलावे आणि मापांची चिठ्ठी तिच्या पाठीला बांधून मगच जवळच्या पुनर्वसन केंद्राकडे सोपवावी. तिथल्या माणसांना ती कुणाला बसेल हे ठरवायला तेवढी चिठ्ठी पुरते.