लॅपटॉपचा कळफलक आणि मराठीतील ‘ऱ्य’

लॅपटॉपच्या रचनेतील वैगुण्यांची चर्चा निघाली की सैल होणाऱ्या बिजागऱ्या, धुळीने कोंदणारी वायुछिद्रे आणि कवचास चिकटविलेली बॅटरी यांचा उल्लेख होतो. मराठीच्या अभ्यासकास अधिक जाचणारे वैगुण्य मात्र कळफलकात आहे. (‘बिजागऱ्या’ हा शब्दच त्याचे उदाहरण होय.)

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांच्या कळांवर केवळ रोमन अक्षरे असतात. त्यांचा क्रम बहुतांशी १८७४ मध्ये विक्रीस आलेल्या शोल्स-रेमिंग्टन टंकयंत्राचा. मेजावरच्या संगणकास देवनागरी अक्षरांचा वेगळा कळफलक जोडून काम भागते. लॅपटॉपात तो यंत्राच्या अंगाचाच भाग असतो. कित्येक नमुन्यांत तो वरच्या कवचास जखडलेला असल्याने कळफलक बदलणे म्हणजे कवचच बदलणे ठरते. स्वर डाव्या हाती व व्यंजने उजव्या हाती देणारी इन्स्क्रिप्ट ही मांडणी १९८६ मध्येच सिद्ध झाली होती. परंतु कळेवर अक्षर दिसत नाही, म्हणून शिकणारा ती टाळतो आणि रोमन अक्षरांवरून मराठी उमटविणाऱ्या साधनाकडे वळतो.

याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील अंतर तर सर्वश्रुत आहे. हा अर्थभेदक ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठविता येतो. एका रीतीत ‘ऱ’ व हलन्तचिन्ह येते. दुसरीत साधा ‘र’, हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात, पण अक्षरशः शोध घेणाऱ्या यंत्रास ते भिन्न शब्द वाटतात. शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती त्यामुळे चुकीचे आकडे येतात, आणि छापील पानावर ती चूक कोणासही दिसत नाही.

हे वैगुण्य टिकते कसे? ठाकूरद्वाराजवळ, कोलभाट गल्लीत, जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेला निर्णयसागर छापखाना होता. तेथे ओतशाळा व छापखाना एकाच संस्थेचे होते. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरे कोरणारा कारागीर आणि ती वापरणारा जुळारी यांच्यात अंतर थोडे होते. आज कळा बनविणारा एका देशात, संकेत ठरविणारा दुसऱ्या देशात आणि लिहिणारा गिरगावात. थायलंड वा रशियात विकल्या जाणाऱ्या यंत्रांच्या कळांवर तेथील लिपी असते, कारण देशभर एका लिपीने भागते. आपल्याकडे प्रत्येक लिपीसाठी निराळा साठा ठेवणे विक्रेत्यास परवडत नाही, आणि ग्राहकही दुकानात वजन व किंमत विचारतो, ‘ऱ’ कोठे आहे हे विचारीत नाही. माझ्या मते हा मौनाचा भाग मोठा आहे. संकेताचे कारण निराळे: १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून युनिकोडने जोडचिन्हाची रीतही ग्राह्य ठेवली. ती आता रद्द केली, तर जुने मजकूर बिघडतील.

इन्स्क्रिप्टमध्ये ‘ऱ’ हा ‘र’च्याच कळेवर, म्हणजे रोमन ‘जे’वर, शिफ्ट दाबून मिळतो. शब्दगणनेपूर्वी ‘र’, हलन्त व जोडचिन्ह ही त्रयी जेथे आढळेल तेथे ‘ऱ’ व हलन्त घालावे. मात्र सरसकट सर्व जोडचिन्हे पुसू नयेत. अर्धी व्यंजने सुटी दाखविण्यासाठीही ती वापरलेली असतात.