‘सायलेंट नाईट’ नेमकं कुणाचं? जगभर पोहोचलेल्या नाताळगीताच्या कर्त्यांची नावं कशी गळाली?

डिसेंबर आला की वसईतल्या गावांपासून वांद्र्याच्या गल्ल्यांपर्यंत गिटार घेतलेले ग्रुप घरोघरी गाणी म्हणत फिरू लागतात. नाताळच्या या गाण्यांना म्हणतात कॅरोल. त्यातलं ‘सायलेंट नाईट’ तर चर्चमध्ये कधीही न गेलेल्यांनीही ऐकलेलं असतं.

पण हे गाणं कुणी केलं, हे एकेकाळी गाणाऱ्यांनाच माहीत नव्हतं. व्हॉट्सॲपवर कवीचं नाव काढून फिरणाऱ्या कवितेचं जे होतं, तेच याचं झालं होतं.

गाणं जन्मलं कसं?

मूळ गाणं जर्मन आहे. योसेफ मोर या तरुण धर्मगुरूंनी १८१६ मध्ये आजच्या ऑस्ट्रियातल्या मारियाप्फार गावी ही कविता लिहिली. मोर गरिबीतून आलेले. आई मोजे विणून घर चालवायची, सैनिक वडील पळून गेले होते. काळही कठीण होता. नेपोलियनची युद्धं नुकतीच संपली होती. त्यात १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं बुडाली. अशा वर्षात लिहिलेली ही शांत रात्रीची कविता.

पुढे मोर साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फला आले. २४ डिसेंबर १८१८ रोजी त्यांनी ती कविता फ्रान्झ झेवर ग्रुबर यांच्या हाती दिली. ग्रुबर शेजारच्या गावात शिक्षक होते आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. दोन आवाज, कोरस आणि गिटार यांच्यासाठी चाल हवी होती. ग्रुबर यांनी ती त्याच दिवशी बांधली आणि संध्याकाळी दोघांनी गाणं गायलं. गिटार मोर यांच्या हातात होती.

उंदरांनी ऑर्गन कुरतडला होता का?

उंदरांनी ऑर्गन बिघडवला म्हणून गिटार घ्यावी लागली, अशी गोष्ट दर नाताळला फिरते. पण ग्रुबर यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या हकिकतीत बिघडलेल्या ऑर्गनचा उल्लेखच नाही. ही गोष्ट नंतर जोडली गेली.

मग नावं कुठे गळाली?

ऑर्गन बांधणाऱ्या एका कारागिरामार्फत हे गाणं टिरोलमधल्या त्सिलरटाल खोऱ्यात पोहोचलं, असं मानलं जातं. तिथली श्ट्रासर आणि राइनर ही कुटुंबं गावोगाव गात फिरायची. श्ट्रासर मंडळी हातमोजे विकायला जर्मनीतल्या जत्रेत जायची, तिथेही ती हे गाणं गायची. राइनर मंडळींनी १८३९ मध्ये ते न्यूयॉर्कला नेलं. छापलं गेलं तेव्हा त्यावर ‘टिरोली गीत’ एवढंच होतं. कवीचं नाव नाही, संगीतकाराचंही नाही.

काहींना तर ही चाल मिखाएल हायडन या नामवंत संगीतकाराची वाटायची. १८५४ मध्ये बर्लिनच्या राजदरबारातून त्याबद्दल विचारणा झाली, तेव्हा ग्रुबर यांनी आपली हकिकत कागदावर उतरवली. मोर मात्र १८४८ मध्येच वारले होते.

१९९५ मध्ये मोर यांच्या हस्ताक्षरातला कागद सापडला. त्यावर चाल ग्रुबर यांची असल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं. ग्रुबर स्वतःसाठी जे सांगत होते, ते मित्राने फार आधीच लिहून ठेवलं होतं.

आज काय उरलंय?

ओबर्नडॉर्फचं ते चर्च पुरांमुळे खिळखिळं झालं आणि नंतर पाडलं गेलं. तिथे आता एक छोटं चॅपल आहे. मोर यांची गिटार हालाइन गावात ग्रुबर राहायचे त्या घरातल्या संग्रहालयात जपलेली आहे. गाणं मात्र फिरतच राहिलं. १९१४ च्या नाताळला पहिल्या महायुद्धात काही ठिकाणी बंदुका थंडावल्या, तेव्हा खंदकांतल्या सैनिकांनीही ते गायलं.

यंदा तुमच्या दारात कुणी हे गाणं म्हणायला आलं, किंवा त्याचं रील तुमच्याकडे आलं, तर पुढे पाठवताना दोन नावं जोडायला विसरू नका: योसेफ मोर आणि फ्रान्झ झेवर ग्रुबर.