मज्जारज्जूचें पाटपाणी

हिंगोली जिल्ह्यांत पूर्णेचें पाणी सिद्धेश्वर धरणांतून कालव्यानें शेतोशेतीं जातें. मुखाशीं पाणी मुबलक. शेवटच्या शेतकऱ्यास मात्र पाळीची वाट पाहावी लागते. पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूस रक्त कसें मिळतें, हें समजण्यास हा दाखला सोयीचा आहे.

प्रौढ मनुष्याच्या मज्जारज्जूची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर. त्याच्या पुढील अंगानें एकच धमनी खालपर्यंत उतरते. मागें दोन लहान असतात. पुढील दोन-तृतीयांश भाग त्या एकटीवर पोसला जातो. तिचा उगम मानेंतून कवटींत चढणाऱ्या दोन धमन्यांपासून होतो. परंतु तेवढ्यावर खालपर्यंत निभाव लागत नाहीं. म्हणून वाटेंत महाधमनीच्या मोजक्या शाखा तींत रक्त आणून सोडतात. त्यांतील सर्वांत मोठी बहुधा डाव्या बाजूनें, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्यांच्या दरम्यान शिरते. पोलिश वैद्य अल्बर्ट आदामकिएविच यांच्या नांवानें ती ओळखली जाते. छातीमागील मधला भाग वरच्या व खालच्या दोन्ही पुरवठ्यांच्या टोकाशीं येतो. अवर्षणाचें भय त्यास विशेष मानितात.

मधली एक व आणखी दोन, म्हणतांच सुषुम्ना, इडा व पिंगला आठवतात. परंतु योगशास्त्रांतील नाड्या या प्राणाच्या वाटा होत, रक्तवाहिन्या नव्हेत. ही सरमिसळ करूं नये.

महाधमनीचा पदर फाटल्यानें किंवा अन्य कारणानें पुढील धमनीचा प्रवाह तुटला, तर पाठींत कळ येऊन थोड्याच वेळांत पाय लुळे पडतात, लघवी अडते. वेदना व ऊन-गार कळेनासें होतें; हलका स्पर्श मात्र बहुधा कळतो, कारण त्याचे बरेचसे तंतू मागील बाजूनें जातात. येथेंच घरांतील वडील मंडळी फसतात. ‘हात लावलेला कळतो ना? मग वातच आहे,’ असें म्हणून तेल चोळतात, शेक देतात. त्यानें दुहेरी घात होतो: मोलाचा वेळ जातो आणि कातडी भाजली तरी रोग्यास कळत नाहीं.

पाय एकाएकीं लुळे पडण्याचीं कारणें अनेक. निवाडा डॉक्टरांनींच करावा. आमची गृहस्थांस विनंति एवढीच कीं, अशा वेळीं शेगडी पेटवूं नये. रोग्यास आडवें निजवून तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें.