सोडलेला मासा कोणाचा?

गोंदिया जिल्ह्यातील केशोरीचा परिसर हा तलावांचा मुलूख. जवळच गाढवी नदीवरील इटियाडोहचा विस्तीर्ण जलाशय आणि भोवताली जुने मालगुजारी तलाव. या पाण्यावर अनेक ढिवर कुटुंबांची चूल पेटते. जाळ्यात आलेला लहान मासा पुन्हा पाण्यात सोडावा, असा उपदेश त्यांना करणे सोपे आहे. परंतु आज सोडलेला मासा उद्या शेजाऱ्याच्या जाळ्यात जाणार असेल, तर तो सोडावा कोणी?

वास्तविक तलावातील मासळी हे भांडवल आणि तिची वाढ हे व्याज. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण करीत नाहीत. त्यांचे बीज बाहेरून आणावे लागते. असा बोटभर मासा विकणे म्हणजे विकतचे बियाणे उगवण्यापूर्वीच मोडून खाणे होय. मरळीची गोष्ट निराळी. ती तलावातच वाढते आणि पिलांची राखण करते. राखणदार मरळ उचलली, की पिलांचा सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

मात्र सोडणे म्हणजे भिरकावणे नव्हे. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे रोगापासूनचे कवच असते. कोरड्या हाताने ते निघून जाते. म्हणून हात आधी ओले करावेत, कल्ल्यांत बोटे घालू नयेत, पोटाखाली आधार द्यावा. जाळ्याची निवड पाण्यातच उरकावी. थकलेला मासा स्वतः पोहू लागेपर्यंत हलकेच पाण्यात धरावा. अर्थात, सरसकट सारेच सोडणेही घातक. आफ्रिकन मांगूर हा हिंस्र मासा पाळण्यावर 2000 सालीच बंदी आली. तो पुन्हा तलावात जाता कामा नये.

एकट्याचा संयम बाजारात टिकत नाही. सामायिक संपत्तीचा वापर करणारे स्वतःच नियम ठरवून ती राखू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखविले. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थांना हे अशक्य नाही. जाळ्याच्या आसाचा किमान आकार आणि विणीच्या दिवसांतील विश्रांती सर्वांनी मिळून ठरवावी. मात्र त्या दिवसांत ज्यांची चूल थंडावते, त्यांच्या पोटाची तजवीज शासनाने केली पाहिजे. संयमाची किंमत केवळ गरिबानेच मोजावी, हा न्याय नव्हे.