अर्ध्या तोळ्याचं पातं

अमेरिकेत ओहायो, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांत पानगळीच्या दिवसांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार क्रॉसबोने करता येते. (आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.) क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असलेलं आडवं धनुष्य. त्याच्या जाहिरातीत वेगाचा आकडा सर्वांत ठळक असतो: ३५० फूट प्रति सेकंद, ४०० फूट प्रति सेकंद. मग नवखा शिकारी बाणाचं टोकही वेगाकडे पाहूनच निवडतो, म्हणजे हलकं घेतो. इथे त्याचं गणित चुकतं.

शिकारीच्या बाणाला धारदार पात्यांचं टोक असतं, त्याला ब्रॉडहेड म्हणतात. तो कापत आत शिरतो आणि रक्तस्रावाने प्राणी मरतो. त्याचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. इंग्रजांनी आपला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा ठरवला होता. त्या हिशेबाने १०० ग्रेनचा ब्रॉडहेड अर्ध्या तोळ्याच्या किंचित वर जातो. १०० आणि १२५ ही नेहमीची वजनं, १५० जरा जड.

समजा, टोकासकट ४०० ग्रेनचा बाण ३५० फुटांच्या वेगाने सुटतो. टोक १००ऐवजी १२५ ग्रेनचं लावलं, तर धनुष्याची ऊर्जा तीच राहून वेग ३४०पर्यंत उतरतो. चाळीस यार्डांवर हा बाण साधारण साडेतीन सेंटीमीटर खाली लागेल. नेम पुन्हा जुळवला की हा फरक संपला. उलट बाणाचा संवेग तीन टक्के वाढतो आणि जड बाण धनुष्यातली ऊर्जा थोडी जास्तच उचलतो.

पण हरीण तेवढ्यात उडी मारेल त्याचं काय? धनुष्य सुटल्याचा आवाज चाळीस यार्ड अंतर सेकंदाच्या एक दशांशात कापतो, बाणाला साधारण तिप्पट वेळ लागतो. हरणाला दचकायला पाव सेकंदाच्या जवळपास वेळ मिळतो. हलक्या टोकाने त्यातला फार तर सेकंदाचा शंभरावा भाग वाचतो. आवाजाशी शर्यत लावून बाण जिंकणार नाही.

टोकाच्या वजनाचा खरा उपयोग बाण सरळ ठेवण्यात आहे. बॅडमिंटनचं फूल कसंही मारा, बुचाची बाजू पुढे वळते, कारण वजन पुढे आणि हवेचा अडथळा मागे. बाणाचंही तसंच. वीस इंची बाण मागच्या टोकापासून तेरा इंचांवर तोलला गेला, तर त्याचा तोल मध्यापासून तीन इंच, म्हणजे लांबीच्या १५ टक्के पुढे आहे. दहा ते पंधरा टक्के हे प्रमाण सहसा चांगलं मानतात. पक्क्या पात्यांच्या ब्रॉडहेडला याची गरज जास्त असते. उघडी पाती पुढच्या बाजूला पंखांसारखी वागतात, वेग वाढेल तसा त्यांचा जोर वाढतो आणि मागच्या पिसांना बाण सावरणं जड जातं. तोल पुढे सरकला की पिसांची तरफ लांबते. मिटलेली पाती आदळल्यावर उघडणाऱ्या ब्रॉडहेडमध्ये हा त्रास कमी, पण पाती उघडण्यात थोडी ऊर्जा खर्च होते.

मोठ्या आफ्रिकी जनावरांवर बाणांच्या चाचण्या घेणारे एड अ‍ॅशबी ६५० ग्रेनच्या पुढचे बाण सुचवतात. जाड हाडं फोडायची असतील तर ते ठीक. हरणासाठी मला ते अनावश्यक वाटतं.

हलकं टोक लावण्यात धोकाही आहे. बाण फार हलका असेल तर ऊर्जा धनुष्यातच उरते आणि बाणाविना दोरी सोडल्यासारखा धक्का बसतो. त्यात दोरी तुटते, धनुष्याच्या भुजा फुटतात. म्हणून उत्पादकाने बाणाचं किमान वजन दिलेलं असतं आणि त्याखाली जायचं नाही.

पक्की पाती असतील तर १२५ ग्रेन घ्यावं, मिटणारी असतील तर १०० पुरे. सरावाचं टोक त्याच वजनाचं हवं. तिकडे राहणाऱ्या कुणा मराठी माणसाला हा नाद असेल, तर खरेदीआधी आपल्या राज्याचे नियम वाचावेत. अनेक ठिकाणी पात्याची किमान रुंदीही ठरवून दिलेली असते.