घर किती फुटांचे, एवढेच विचारू नका!

वस्तीत पुनर्विकासाची बातमी आली की पहिला प्रश्न येतो, घर किती फुटांचे मिळणार? प्रश्न रास्तच आहे. पण दोन इमारतींत अंतर किती राहणार, हे क्वचितच विचारले जाते. मुंबईत हा आरोग्याचा प्रश्न झाला आहे.

आधी गणित समजून घेऊ. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, ते प्रमाण म्हणजे एफएसआय. १९९१ च्या नियमावलीत उपनगरांसाठी तो मुळात १ होता. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत तो ४ किंवा त्याहून अधिक होऊ शकतो. पात्र रहिवाशाला ३०० चौरस फुटांचे घर मोफत मिळते. विक्रीच्या इमारतीतून बिल्डर खर्च आणि नफा काढतो. म्हणून जमीन महाग असेल तिथे बिल्डरांची रांग लागते. स्वस्त असेल तिथली वस्ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

स्वस्त जमिनीचा दुसराच उपयोग झाला. रस्ते-रेल्वे प्रकल्पांत उठवलेल्या कुटुंबांसाठी मानखुर्द-गोवंडीत इमारती बांधायच्या, बदल्यात टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क मिळवायचा आणि तो महाग उपनगरांत वापरायचा. गरिबांच्या नावाने तयार झालेला पैसा तिकडे गेला. दाटी इकडे, देवनार कचराभूमीच्या परिसरात आली.

या योजनेत हेक्टरी किमान ६५० घरांची अट आहे, कमाल मर्यादा मात्र नाही. शिवाय मोकळ्या जागेत सवलती. लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारती इतक्या जवळ आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्थेच्या पाहणीत या वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण शेजारच्या, तुलनेने मोकळ्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा बरेच जास्त आढळले.

हे नवे ज्ञान नाही. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तो घरांत उजेड-वारा यावा याच विचाराने. बाबासाहेब परळच्या ज्या बीआयटी चाळीत राहिले, ती याच ट्रस्टची.

उंच इमारती किंवा दाट वस्ती वाईटच, असे नाही. प्रश्न आहे दाटी कोणाच्या वाट्याला आणि मोकळी जागा कोणाच्या, हा.

योजनेला ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. म्हणून सही करण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी आराखडा मागावा, दिला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा. त्यात चार गोष्टी पाहाव्यात:

१. पुनर्वसनाच्या भागात हेक्टरी किती घरे?
२. दोन इमारतींत किती मीटर?
३. मैदान, बालवाडी, दवाखाना कुठे?
४. टीडीआर मिळणार असेल तर किती?

उत्तरे लेखी घ्या आणि वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवा. सही नंतर.